मुरीच्या घरी झिंगे

‘‘ही लोच आणि हे लाल झिंगे एका टाकीत चालतील ना?’’ दुकानदार पिशवीला रबर लावत म्हणाला, ‘‘बिनधास्त टाका साहेब, गरीब मासा आहे.’’ आठव्या दिवशी बारापैकी तीनच झिंगे उरले होते. दुकानदाराला काय बोलणार? ‘लोच’ म्हणजे एकच मासा, असं मीही धरून चाललो होतो.

ओढ्याच्या वाळूत तोंड खुपसून बसणारी आपली मुरी याच गोतातली. तळाशी वावर, तोंडाभोवती मिशा आणि अनेकींच्या डोळ्याखाली उघडमिट होणारा काटा. पकडताना तोच जाळीत अडकतो. पण खाण्याच्या सवयी एकीच्या दुसरीला नाहीत.

माझ्या पिशवीतून आली होती झेब्रा लोच. ही सह्याद्रीची लेक, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातली. बंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी १९२० मध्ये ‘बोटिया स्ट्रायाटा’ या नावाने तिचं वर्णन केलं. आज ती धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. शंखात तोंड घालून गोगलगाय ओढून खाणारा हा मासा, त्याला झिंगा म्हणजे सोललेला शेंगदाणाच.

झिंग्यांसोबत ठेवायची तर कुली लोच. आग्नेय आशियातली, पेन्सिलीएवढी बारीक, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची. दिवसभर लाकडाखाली दडते, रात्री चरायला निघते. तिचं तोंड इतकं लहान की मोठ्या झिंग्याच्या वाटेला ती सहसा जात नाही.

चेरी झिंगा मूळचा चीन-तैवानकडचा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. त्याला कात टाकताना एकदा तरी बघाच. डोक्याच्या मागे कवच उकलतं, झिंगा वाकतो आणि एका झटक्यात बाहेर! मागे उरतं काचेसारखं रिकामं कवच. नवखे ते मेलेला झिंगा समजून काढून टाकतात. टाकू नका, त्यातली खनिजं झिंगेच पुन्हा खातात. कात टाकलेला झिंगा मात्र मऊ असतो आणि कवच घट्ट होईपर्यंत लपून बसतो. लपायला जागा नसेल तर संपलाच.

मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन फिरते आणि पायांनी त्यांना सतत वारा घालते. तीन-चार आठवड्यांनी निघणारी पिल्लं दोनेक मिलिमीटरची, हुबेहूब आईसारखी. ही पिल्लं मात्र कुलीही सोडत नाही. म्हणून टाकीत जावा मॉसचं दाट जंगल हवं आणि आधी झिंगे हवेत. दोन-तीन महिन्यांत त्यांचा संसार वाढला की मग कुली सोडावी. काही पिल्लं जातील, पण वंश टिकेल.

खरा घोटाळा आजारपणात होतो. लोचच्या अंगावर खवले नावापुरतेच, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिला चटकन गाठतो. त्यावरच्या काही औषधांत तांबं असतं. गंमत अशी, की झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांब्याचंच रसायन करतं. तरीही पाण्यात तांबं किंचित वाढलं की झिंगे पटापट मरतात. तेव्हा बाटलीवर ‘कॉपर’ किंवा मोरचूद दिसलं, तर आधी लोच वेगळ्या बादलीत काढा आणि औषध तिथेच द्या.