गोणी कितीला नव्हे, किलो कितीला?

पेरणी तोंडावर आली की कृषी सेवा केंद्रापुढं गर्दी होते आणि एकच सवाल कानावर येतो, ‘‘गोणी कितीला?’’ किलो कितीला पडला, असं विचारणारा विरळाच. हिशेब चुकतो तो इथंच.

युरियाचंच घ्या. पूर्वी गोणी ५० किलोची असे. कर आणि कडुनिंबाच्या लेपाचा खर्च सोडून सरकारने ठरवलेली तिची किंमत होती २६८ रुपये. २०१८ साली गोणी ४५ किलोची झाली आणि तीच किंमत २४२ रुपयांवर आली. गोणीमागे २६ रुपये उतरले, असं वरवर दिसतं. आता सातवीतल्या पोराच्या वहीत हिशेब मांडू. २६८ ला ५० ने भागलं, किलोला ५ रुपये ३६ पैसे. २४२ ला ४५ ने भागलं, ५ रुपये ३८ पैसे. म्हणजे स्वस्ताई कसली? गोणी तेवढी हलकी झाली.

शाळेत याला एकमान पद्धत म्हणतात. आधी एकाची किंमत काढायची, मग हव्या तेवढ्याची. पोरं वह्या-पेन्सिलींची उदाहरणं सोडवून मार्क मिळवतात. पण घरी आलेल्या गोणीलाही हेच गणित लागतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. युरियात नत्र असतं ४६ टक्के. जुन्या गोणीत ते २३ किलो होतं, नव्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम आहे. ‘‘एकरी दोन गोण्या’’ हे माप ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्याच्या रानात एकरी ४ किलो ६०० ग्रॅम नत्र कमी जातं, आणि त्याला पत्ताही नसतो. खताची शिफारस किलोत असते, गोणीत नाही. समजा, एकरी ४० किलो नत्र द्यायचंय. १०० किलो युरियात ४६ किलो, तर ४० किलोसाठी युरिया लागेल सुमारे ८७ किलो. म्हणजे आजच्या दोन गोण्यांतून तीन किलो मागे ठेवायचा.

किराण्याचंही तसंच. पाव किलो चहाचा पुडा ९० रुपयांना आणि एक किलोचा ३८० ला असेल, तर ‘मोठा पुडा स्वस्त’ हा समज खोटा ठरतो. लहान पुडा किलोला ३६० नेच पडतो. तुलना करताना दोन्हीकडं माप एकच हवं, ग्रॅम तर ग्रॅम, किलो तर किलो. आणखी एक मेख आहे. किमतीला वजनाने भागलं, तर लहान आकडा स्वस्ताचा. वजनाला किमतीने भागलं, तर रुपयाला किती माल मिळाला ते कळतं; तिथं मोठा आकडा स्वस्ताचा. पोरंच काय, मोठी माणसंही इथं फसतात.

पुढच्या खेपेला दुकानात जाल तेव्हा पोराला संगं न्या. गोणीवरचं वजन आणि पावतीवरची रक्कम त्यालाच वाचू द्या, भागाकार त्यालाच करू द्या. त्याचं गणित पक्कं होईल आणि तुमचा व्यवहारही.