शीतपित्त : नावातील पित्त आणि हेतूचा शोध

‘अंगावर पित्त उठले’ किंवा ‘गांधी उठल्या’ असे सांगत येणारा रुग्ण सर्व वैद्यांच्या परिचयाचा आहे. रहाटणी परिसरात आमच्याकडे येणारा असा रुग्ण पुष्कळदा पिंपरी, भोसरी अथवा चाकण येथील कारखान्यातील कामगार असतो. येण्यापूर्वीच त्याने अंगाला आमसुलाचे पाणी चोळलेले असते आणि पित्त शमावे म्हणून थंड दूधही घेतलेले असते. व्याधीच्या नावात पित्त आहे, एवढ्यावरून शीत उपचार योग्य ठरतो काय?

माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचा एकत्र विचार केला आहे. तेथे संप्राप्तीचा आरंभ शीत वायूच्या स्पर्शापासून सांगितला आहे. त्याने कफ व वात प्रदुष्ट होतात, पित्ताशी मिळतात आणि अंतर्बाह्य पसरतात. शीतपित्तात वाताधिक्य, तर उदर्दात कफाधिक्य असते. उदर्दाची मंडले मध्यभागी खोलगट असून तो शिशिरात विशेष आढळतो. वमनाच्या मिथ्यायोगाने उठणारा कोठ क्षणात दिसतो व क्षणात जातो. वारंवार उठू लागला की तोच उत्कोठ होय. म्हणूनच चिकित्सेत कटुतैलाचा अभ्यंग व उष्ण जलाचा परिषेक सांगितला आहे. हिवाळ्यात रात्रपाळी संपवून दुचाकीवरून परतताना ज्याच्या उघड्या हातांवर व चेहऱ्यावर गांधी उठतात, त्याला थंड दूध देणे म्हणजे हेतूचीच भर घालणे होय.

याउलट फोर्जिंग किंवा फाउंड्रीतील कामगार पाहावा. घाम फुटताच त्याच्या छातीवर व पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक, खाजरे उंचवटे येतात आणि तासाभरात मावळतात. गरम पाण्याच्या स्नानानेही तसेच घडते. अशा रुग्णास ग्रंथात आहे म्हणून उष्ण परिषेक करणे योग्य नव्हे. पट्टा, बूट किंवा जड ओझे यांच्या दाबाच्या जागी काही तासांनी येणारी वेदनायुक्त सूज हा आणखी एक प्रकार आहे. पाळी संपल्यावर ती उठत असल्याने तिचा संबंध कामाशी आहे हे रुग्णाच्या ध्यानात येत नाही.

सर्वच खाज हे शीतपित्त नव्हे. यंत्रावरील कटिंग ऑईलने होणारा त्वचादाह हातांवर व अग्रबाहूंवर दिवसानुदिवस टिकतो, त्वचा फाटते, स्राव होतो. १९५५-५६ च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम आढळलेल्या गाजर गवताने चेहरा, मान व कोपराच्या खोबणीत होणारा विकारही असाच चिवट असतो. शीतपित्ताचे प्रत्येक मंडल मात्र बहुधा २४ तासांच्या आत डाग न ठेवता नाहीसे होते. एका मंडलाभोवती पेनने वर्तुळ काढावे व दुसऱ्या दिवशी पाहावे. ते तेथेच असेल, दुखत असेल किंवा काळसर डाग राहिला असेल, तर रक्तवाहिन्यांच्या शोथाची शंका घेऊन तज्ज्ञाकडे पाठवावे. व्याधी ६ आठवड्यांहून अधिक चालल्यास जीर्ण समजावा. अशा वेळी थायरॉइडचा विचार अवश्य व्हावा.

ओठ, जीभ वा पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे, चक्कर वा वारंवार उलटी यांपैकी काहीही गांधींसोबत दिसल्यास काढा-चूर्णाचा विचारही करू नये. तेथे पहिले औषध अॅड्रिनॅलिन होय, तेही मांडीच्या बाहेरील स्नायूत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास आडवे ठेवावे. श्वास लागत असल्यास बसू द्यावे, पण चालवत नेऊ नये. नवे वेदनाशामक किंवा प्रतिजैविक घेतल्यानंतर असे घडले असेल, तर त्या औषधाचे नाव रुग्णाच्या कागदावर ठळकपणे लिहावे.

चिकित्सेत पहिले स्थान निदानपरिवर्जनाचे आहे. पाळी, आहार, औषध व गांधी उठण्याची वेळ यांची नोंद रुग्णाकडून दोन आठवडे ठेवून घ्यावी. बल पाहून वमन वा विरेचन, तसेच क्रिमीचा संशय असल्यास क्रिमिघ्न योजावे. चरकोक्त उदर्दप्रशमन गणातील खदिर, अर्जुन, असन, सप्तपर्ण ही द्रव्ये आम्हांस आजच्या व्यवहारात उपेक्षित वाटतात. हरिद्राखंड मात्र सर्वत्र दिला जातो. त्यात साखर आहे आणि त्रिवृतही आहे, हे मधुमेही व गर्भिणी यांच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खाजेसाठी मागितलेली क्लोरफेनिरामिनची गोळी झोप आणते. तीच गोळी घेऊन तो कामगार पाळीवर जाऊन प्रेस यंत्रासमोर उभा राहणार असतो. म्हणून गोळी देण्यापूर्वी काम कोणते व पाळी केव्हा, हे विचारावे. रुग्ण आधीपासून दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेत असेल, तर आयुर्वेदीय औषध सुरू झाले म्हणून त्या परस्पर बंद करण्यास सांगू नये. आणि लेबल नसलेल्या, एका दिवसात खाज थांबवणाऱ्या पुड्या दुकानात ठेवूच नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते.