दिवाणखाना तोच, दार उघडं

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, हॉलिवूडच्या टेकड्या ओलांडल्या की सॅन फर्नांडो व्हॅली सुरू होते. अमेरिकेनं टीव्हीसमोर बसून जे हसून घेतलं, त्यातलं बरंचसं या खोऱ्यात तयार झालं. 'साइनफेल्ड'मधलं न्यूयॉर्कचं घर बहुतेक काळ स्टुडिओ सिटीतल्या सीबीएसच्या आवारात उभं होतं. 'स्क्रब्ज'मधलं इस्पितळ म्हणजे नॉर्थ हॉलिवूडमधलं एक बंद पडलेलं खरंखुरं इस्पितळ. 'द ऑफिस' घडते पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी, पण तिथल्या कागद कंपनीची टेबलं-खुर्च्या मांडलेल्या होत्या व्हॅन नाइजला. याच खोऱ्याच्या वायव्य टोकाला चॅट्सवर्थ आहे. गोदामं, छोटे कारखाने आणि बाहेरून काहीच कळू न देणाऱ्या इमारतींचा हा भाग अनेक दशकं अमेरिकेच्या प्रौढ चित्रपटांची राजधानी होता. २००९ साली 'साइनफेल्ड', 'स्क्रब्ज' आणि 'द ऑफिस' या तिन्ही मालिकांची प्रौढ विडंबनं 'न्यू सेन्सेशन्स' या कंपनीनं बाजारात आणली. मूळ मालिका आणि तिचं विडंबन यांच्यात अंतर होतं ते मोटारीनं फार तर अर्ध्यापाऊण तासाचं.

या प्रकाराबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्यात बहुधा शीर्षकांची यादी आणि चेष्टा एवढंच असतं. मला तो गंभीरपणे पाहण्याजोगा वाटतो, कारण सिटकॉम (प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका) नावाचं यंत्र कशावर चालतं हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आधी पैशाचं बोलू. २००६ मध्ये 'यूपॉर्न' आणि २००७ मध्ये 'पॉर्नहब' सुरू झालं. जे विकत घ्यावं लागत होतं ते फुकट मिळू लागलं आणि डीव्हीडीचा धंदा कोसळायला लागला. नुसती शरीरं दाखवून कोणी पैसे देईना. मग दुकानातल्या फळीवर चटकन ओळखू येईल, बातमीत येईल आणि मित्राला सांगावंसं वाटेल असं काहीतरी हवं होतं. 'डिजिटल प्लेग्राउंड'नं २००५ मध्ये 'पायरेट्स' काढून भव्यतेचा मार्ग दाखवला होता, पण जहाजं आणि समुद्र सगळ्यांना परवडणारे नव्हते. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लॅरी फ्लिंटच्या 'हस्लर' कंपनीनं उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांच्यावर विडंबनपट काढला आणि त्याची चर्चा मुख्य प्रवाहातल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचली. नाव आधीच लोकांच्या तोंडी असेल तर जाहिरातीवर खर्च करावा लागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

अशा वेळी सिटकॉमइतकी सोयीची गोष्ट दुसरी नव्हती. १९५१ साली 'आय लव्ह लूसी'साठी छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी तीन कॅमेऱ्यांची पद्धत बसवली: प्रेक्षक समोर, खोली तीन भिंतींची, चौथी बाजू उघडी. तेव्हापासून सिटकॉम म्हणजे मुळात एक खोली. एक सोफा, एक स्वयंपाकघर आणि कोणीही न विचारता आत येईल असं एक दार. वीस-बावीस मिनिटांचा खेळ वर्षानुवर्षं तिथेच रंगतो आणि प्रेक्षकाला ती खोली स्वतःच्या घरासारखी पाठ होते. म्हणूनच ती थोड्या पैशांत पुन्हा उभी करता येते. 'साइनफेल्ड'मधल्या जेरीच्या भिंतीला टांगलेली सायकल, फळीवर ओळीनं लावलेले सीरिअलचे खोके, जॉर्जचा चष्मा, इलेनचा केसांचा फुगा: एवढं जमलं की पाहणारा उरलेलं स्वतः भरून काढतो. सेट उभा करणारा सुतार, कपडेपट सांभाळणारी बाई आणि केस करणारा माणूस हे या चित्रपटांचे खरे कारागीर होते. अभिनेत्यांनाही इथे वेगळं काम पडलं. संवाद पाठ करायचे, मूळ नटाची लकब उचलायची, विनोदाची वेळ साधायची, आणि हे सारं हाताशी असलेल्या मोजक्या दिवसांत. काहींना ते थक्क करणारं जमलं. प्रौढ उद्योगाच्या 'एव्हीएन' पुरस्कारांत विडंबनासाठी वेगळे विभाग निर्माण झाले ते उगीच नाही.

तपशिलाच्या या वेडाचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे २०१० चा 'बॅटमॅन ट्रिपल एक्स'. ॲक्सेल ब्रॉन यांनी तो 'व्हिव्हिड' कंपनीसाठी दिग्दर्शित केला. त्यांनी अंधारलेल्या नव्या बॅटमॅनला हात लावला नाही. त्यांनी निवडली १९६६ ची ॲडम वेस्टची टीव्ही मालिका, जी सुपरहीरोच्या वेशातली विनोदी मालिकाच होती. करडा घट्ट पोशाख, निळी झूल, भडक रंग, सगळं त्या काळचं. ज्याला ती मालिका मनापासून आवडत नाही, त्याच्या हातून हे होणार नाही. चांगलं आणि वाईट विडंबन यातला फरक मला इथेच दिसतो. बाकी बऱ्याच चित्रपटांनी फक्त नाव उसनं घेतलं, दोन टोप चढवले आणि पाच मिनिटांत मूळ मालिका बाजूला टाकली. असे चित्रपट म्हणजे ग्राहकाची फसवणूक होती.

आता मुख्य मुद्दा. 'साइनफेल्ड'चा 'द कॉन्टेस्ट' हा भाग १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसारित झाला. चौघे मित्र पैज लावतात की हस्तमैथुनाशिवाय सगळ्यात जास्त दिवस कोण राहू शकतो. संपूर्ण भागात ती क्रिया कुठेही नाव घेऊन सांगितलेली नाही. सारा विनोद न बोलण्यातून, नजरांतून, झोप लागण्या-न लागण्यातून उभा राहतो. या लेखनाबद्दल लॅरी डेव्हिड यांना एमी पुरस्कार मिळाला. त्याच्या चाळीस वर्षं आधी 'आय लव्ह लूसी'त लूसी आणि रिकी हे नवरा-बायको दोन वेगळ्या पलंगांवर झोपत आणि लूसीला दिवस गेल्यावरही ते थेट शब्दांत बोलायला परवानगी नव्हती. म्हणजे सिटकॉमचं जन्मापासूनचं इंधन लैंगिकताच आहे. कोण कोणाबरोबर झोपलं, कोणाला कळलं, कोण चुकीच्या वेळी आत आलं यावर हजारो भाग निघाले. पण झोपायच्या खोलीचं दार कॅमेऱ्यासमोर नेहमी बंद झालं. त्या बंद दारामुळेच दिवाणखान्यात हशा पिकला.

प्रौढ विडंबन ते दार उघडतं, आणि दार उघडल्याबरोबर विनोद थांबतो. हा या प्रकाराचा सगळ्यात मोठा पेच आहे. संवादांचे प्रसंग चालू असतात तोवर चित्रपट सिटकॉम असतो. पलंगावरचा प्रसंग आला की पात्र गळून पडतं आणि उरतात फक्त शरीरं. हुशार लेखकांनी यावर तोड काढायचा प्रयत्न केला. पात्राचा हट्ट, तक्रारी, बडबड शेवटपर्यंत चालू ठेवली, आणि तेवढ्यापुरतं जमलंही. 'द ऑफिस'च्या बाबतीत तर मूळ रचनाच मदतीला धावून आली. त्या मालिकेत एक माहितीपटवाला चमू कार्यालयात सतत कॅमेरा रोखून उभा असतो आणि माणसं ओशाळून कॅमेऱ्याकडे पाहतात. दुसऱ्याचं खासगी आयुष्य फटीतून पाहणारे आपण कोण, हा प्रश्न मूळ मालिकेतच दडलेला आहे. विडंबनाला तो बाहेरून आणावा लागला नाही. या साऱ्या लाटेतलं सगळ्यात अर्थपूर्ण सूत्र मला हेच वाटतं.

मराठी वाचकाला विडंबनाचे नियम नव्यानं समजावण्याची गरज नाही. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावानं १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढलं, तेव्हा ज्यांनी मूळ कविता वाचल्या होत्या त्यांनाच त्यातली खरी गंमत कळली. मूळ जितकं लोकप्रिय, तितका विडंबनाला जोर. अमेरिकेत याचं शृंगारिक रूपही जुनं आहे. १९२० च्या दशकापासून पुढे महामंदीच्या काळात 'तिहुआना बायबल' नावाच्या आठ पानांच्या चोपड्या चोरून विकल्या जात. पोपाय, ब्लाँडी अशा वर्तमानपत्री चित्रमालिकांतली पात्रं आणि सिनेतारे त्यांत निर्लज्ज उद्योग करताना दाखवलेले असत. चित्रकाराचं नाव नाही, छापखान्याचा पत्ता नाही.

तो पत्ता छापण्याची हिंमत कायद्यामुळे आली, आणि ती हळूहळू आली. १९७१ साली 'एअर पायरेट्स' या भूमिगत चित्रकथाकारांनी मिकी माउसला मादक पदार्थ आणि संभोगात गुंतलेला दाखवला. डिस्नेनं खटला भरला आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयानं चित्रकारांच्या विरुद्ध निकाल दिला: गरजेपेक्षा जास्त उचललंत. १९७९ मध्ये 'डेबी डज डॅलस' या चित्रपटाला डॅलस काउबॉइजच्या चीअरलीडर मुलींचा गणवेश नडला. तो गणवेश व्यापारचिन्ह ठरला. चित्रीकरणावरचं संकट वेगळंच होतं. प्रौढ चित्रपटांचा एक निर्माता हॅरॉल्ड फ्रीमन याला अभिनेत्यांना पैसे देऊन काम करवल्याबद्दल वेश्याव्यवसायाच्या दलालीच्या कायद्याखाली दोषी ठरवलं होतं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, आणि सॅन फर्नांडो व्हॅलीतला उद्योग उघडपणे काम करू लागला. मग १९९४ मध्ये 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटानं रॉय ऑर्बिसनच्या गाण्याचं केलेलं विडंबन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती सूटर यांनी एकमतानं झालेल्या निकालात लिहिलं ते थोडक्यात असं: विडंबनाला मूळ ओळखू येईल इतकं उचलावंच लागतं, आणि ते विकण्यासाठी केलं म्हणून आपोआप बेकायदा होत नाही. २००२ मध्ये 'स्टार वॉर्स'वरच्या 'स्टारबॉल्झ' या प्रौढ ॲनिमेशनपटावर तातडीची बंदी आणावी ही लुकासफिल्मची मागणी न्यायालयानं फेटाळली. मुखपृष्ठावर 'पॅरडी' हा शब्द ठळक छापला जाऊ लागला तो याच इतिहासामुळे. ग्राहकाचा गोंधळ होऊ नये, ही व्यापारचिन्हाच्या कायद्याची पहिली अट.

या कहाणीत मला खरा अन्याय दिसतो तो कामाच्या मोबदल्यात. सिटकॉमच्या नटाला संघटनेच्या करारामुळे पुनर्प्रसारणाचे पैसे मिळत राहतात. 'साइनफेल्ड' १९९८ मध्ये संपली आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. तिच्या मालकांची कमाई अजून चालूच आहे. विडंबनात तीच लकब, तोच चष्मा, तोच सोफा उभा करणाऱ्या नटांना दृश्यामागे ठरलेली रक्कम एकदाच मिळाली. चित्रपट फुकट संकेतस्थळांवर तुकड्यातुकड्यानं कितीदाही पाहिला जावो, त्यांच्या हाती काही येत नाही. आरोग्याचा प्रश्नही त्यांच्याच अंगावर आला. कलावंतांच्या तपासण्या करणारी शेरॉन मिचेल यांची 'एआयएम' ही संस्था २०११ मध्ये बंद पडली. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी चित्रीकरणात कंडोम सक्तीचा केला, आणि त्यानंतर तिथल्या प्रौढ चित्रीकरणाच्या परवान्यांची संख्या झपाट्यानं घसरली. अनेकांनी मुक्काम लास वेगासला हलवला. 'साइनफेल्ड'च्या विडंबनाचे दिग्दर्शक ली रॉय मायर्स यांनीही आपल्या 'वुडरॉकेट' या कंपनीतर्फे तिथेच प्रौढ विडंबनं चालू ठेवली. आता त्यांचा रोख कार्टून आणि मोठ्या लोकप्रिय मालिकांकडे वळला आहे, कारण सगळ्या देशाला पाठ असलेला दिवाणखानाच आज टीव्हीवर उरलेला नाही.

'फ्रेंड्स'चा कॉफीहाउसमधला सोफा बरबँकच्या वॉर्नर स्टुडिओत पर्यटकांना तिकीट लावून दाखवतात. विडंबनांचे सेट चित्रीकरण आटोपलं की मोडले गेले. मुद्रितं, छायाचित्रं, कपडेपटाच्या याद्या कंपन्या बुडाल्या तशा विखुरल्या. इंडियाना विद्यापीठातली किन्से संस्था शृंगारिक चोपड्या आणि चित्रं जपून ठेवते. तिथल्या कपाटांत या चित्रपटांनाही जागा मिळायला हवी, आणि त्यांच्याबरोबर सेट बांधणाऱ्यांची, कपडे शिवणाऱ्यांची आणि नटांची नावंही नोंदली जायला हवीत. यातले बरेच लोक अजून हयात आहेत. त्यांना विचारायचं तर आत्ताच विचारलं पाहिजे.