घरचे नेट हळू का चालते?

मित्रहो, आपल्या गावातल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी मुंबईला असते. गिरण्यांच्या काळात कामाला गेलेली माणसे परळ, लालबाग, वरळीच्या चाळींत राहिली. आता चाळीतल्या खोलीत राउटर आला आणि आपल्या घरीही आला. पण अभ्यासाचा व्हिडिओ लावला की पडद्यावर चक्र गरगर फिरत राहते. मग घरात ठरते, "महागडा प्लॅन घेऊ या." जरा थांबा. आधी दुखणे ओळखावे, मग औषध घ्यावे. चाळीचे दुखणे वेगळे आणि गावाचे वेगळे, बरं का!

राउटर बिनतारी लहरी सोडतो. त्या दोन प्रकारच्या असतात. एकीला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने! या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. पट्टीवर मोजून पाहा. दुसरी ५ गिगाहर्ट्झची. ती सुमारे सहा सेंटिमीटर लांब असते. पहिली लांब जाते आणि भिंतीतूनही बरीच पार होते. दुसरी वेगाने माहिती नेते, पण भिंत आली की लवकर दमते.

आता वरळीच्या बीडीडी चाळीचे उदाहरण घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे सरकारी खाते १९२० साली निघाले. त्याने कामगारांसाठी या चाळी बांधल्या, म्हणून नाव पडले बीडीडी. वरळीत अशा १२१ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकीला तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. आता तेथे जुन्या चाळी पाडून उंच इमारती बांधण्याचे काम चालले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

समजा, चाळीच्या एका मजल्यावर वीसही खोल्यांत राउटर आहेत. २.४ च्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाटा तीनच : १, ६ आणि ११. वीस भागिले तीन केले तर एकेका वाटेवर सहा-सात राउटर! शिवाय वरच्या-खालच्या मजल्यांचे निराळे. वर्गात एक जण बोलत असला की दुसरा थांबतो ना? राउटरही तसेच आहेत. शेजारचा बोलत असेल तर आपला थांबतो. नेट असते, पण पाळी येत नाही. येथे नुसता महाग प्लॅन घेऊन काय होणार?

दोष असा शोधावा

१. एकाच मोबाईलवर हळू चालते की सगळ्यांवर? एकावरच असेल तर तो मोबाईल बंद करून चालू करा.

२. राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहून वेग मोजा, मग लांबच्या खोलीत मोजा. जवळ चांगला आणि लांब वाईट, तर दोष भिंतीचा किंवा जागेचा.

३. दुपारी चांगले, रात्री वाईट, तर गर्दी. पण कोणती? रात्रीच राउटरला तारेने लॅपटॉप जोडून मोजा. तारेवर वेग बरोबर असेल तर गर्दी लहरींची. तारेवरही हळू असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा. मग कंपनीकडे तक्रार करावी.

उपाय

चाळीत ५ चा पट्टा वापरावा. खोली लहान, म्हणून लहर पुरते. शिवाय शेजाऱ्याची लहर भिंतीतच अडते आणि आपल्याला त्रास देत नाही. आहे की नाही गंमत? भिंत येथे मदतीला येते.

गावात गर्दी कमी, पण घर ऐसपैस आणि भिंती जाड. तेथे २.४ बरा. राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवावा.

दोन्हीकडे राउटर पोटमाळ्यावर ट्रंकेमागे किंवा लोखंडी कपाटाआड ठेवू नये. धातू लहर परतवतो. पाण्याच्या पिंपाजवळही नको, कारण पाणी ती शोषून घेते. राउटर अडकला तर बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावे. मागचे बारीक छिद्र मात्र टाचणीने दाबू नये. सगळी जुळणी पुसली जाते!

शेजारधर्म म्हणून पासवर्ड चार घरी दिला असेल, तर वेगही चार घरी वाटला जातो. वाटायला हरकत नाही, पण हिशेब ठाऊक असावा.

पालकांसाठी हिशेब : प्लॅनवर १०० लिहिलेले असते ते मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. म्हणून १०० मेगाबाइटची फाइल उतरायला आठ-दहा सेकंद लागले तर नेट ठीक आहे असे समजावे. जास्त पैसे भरू नयेत.

सांगा पाहू : ४० च्या प्लॅनवर तीच फाइल किती सेकंदांत उतरेल?