जुनेराची परीक्षा

वढू बुद्रुकच्या एका ओसरीवर पाळीचे पॅड शिवायला जुन्या कपड्यांचं गाठोडं सुटलं, की कात्रीच्या आधी काडेपेटी लागते. कडेचा धागा उपसायचा आणि पेटवायचा. कागद जळाल्यासारखा वास आला आणि चिमटीत राख भुरभुरली, तर सूत. धागा आक्रसून टोकाला कडक मणी धरला, तर पॉलिस्टर, ते बाजूला. गाठोड्यातलं बरंचसं कापड इथेच नापास होतं. साड्या जॉर्जेटच्या, गणवेश टेरीकॉटचे, चादरीसुद्धा मिश्र धाग्याच्या. ‘घरातल्या जुन्या साडीचे पॅड शिवा’ असा सल्ला देणाऱ्यांनी अलीकडे कुणाचं कपाट उघडून पाहिलेलं नसावं.

पास होतात ती आजेसासूबाईंची लुगडी, धोतर, पंचे, बाळाची दुपटी. नव्या कापडावर खळ असते, त्यामुळे पाण्याचा थेंब घटकाभर वरच थांबतो. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं तोच थेंब लगेच पितं. जुनेर घ्यायचं ते फुकटचं म्हणून नव्हे, या कामाला सरस म्हणून. उजेडात धरून विरलेला भाग तेवढा टाळायचा. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं, पदराकडे चांगलं राहतं. हूक, टाचण्या काढायच्या, कापड उकळून कडक उन्हात वाळवायचं.

सहा-सात थर एकत्र शिवून टाकायचा मोह होतो. पॅड बाजारच्यासारखं दिसतं, पण श्रावणात आतून वाळतच नाही, आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो. “घडी उलगडली पाहिजे गं,” शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी जन्मभर घड्याच वापरलेल्या. म्हणून दोन भाग: पंख असलेली खोळ, आणि तिच्यात सरकवायची सुटी घडी. खोळ साधारण २५ सेंटीमीटर लांब. तिच्या मधोमध उभी टीप घालायची नाही. सुईच्या भोकांतून ओल खाली झिरपते. पायमशीनवर खरी कसोटी वळणाची. टीप झाल्यावर तिथे कात्रीने बारीक चिरा द्यायच्या, मग उलटवल्यावर चुण्या पडत नाहीत. पंखांवरच्या टिचबटणाखाली कापडाचा दुहेरी तुकडा हवाच.

धुणं गार पाण्यात. गरम पाण्याने डाग बसतो. आणि वाळवणं उन्हात, परकराखाली लपवून नव्हे.

२०१८मध्ये राज्य सरकारच्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट मिळू लागलं. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या मुली-बायका कापड वापरत होत्या. हे सर्वेक्षण साध्या कापडाला ‘आरोग्यदायी साधनां’त धरत नाही. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेली घडी आणि अंधारात दमट राहिलेली चिंधी एकाच रकान्यात टाकणं मला पटत नाही. इकडे वापरून फेकलेल्या पॅडचा कचरा हाताने वेगळा करायची वेळ कचरावेचक बायांवर येते. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने म्हणूनच ते कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून द्या, असं सांगितलं.

लुगडी तर आता संपत आली. सध्या गाठोड्यात भरवशाचं सूत म्हणजे पुरुषांची बनियनं. ती ताणतात, म्हणून खोळीला नाही, घडीलाच घ्यायची. ताण आडवा ठेवायचा आणि कडा दुमडायच्या नाहीत, होजिअरीचे धागे सहसा सुटत नाहीत.