हिंवाळ्यांतील सकाळची शाळा

२२ डिसेंबर हा वर्षांतील सर्वांत लहान दिवस, असें भूगोलाच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. त्यानंतर दिवस वाढत जावयाचा. असें असतां, नाताळची सुट्टी संपवून शाळेंत येणाऱ्या एखाद्या चौकस मुलाला जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत सकाळीं डिसेंबरपेक्षांहि अधिक अंधार दिसतो, आणि तो गुरुजींना विचारतो कीं, दिवस मोठा होऊं लागला, तर मग उजाडतें उशिरां कां? पुष्कळदां ह्या प्रश्नाला "थंडीमुळें तसें वाटतें" एवढेंच उत्तर मिळतें. उत्तर सोयीचें आहे, पण बरोबर नाहीं. पुस्तक खोटें नाहीं आणि मुलाचे डोळेहि खोटे नाहींत.

२०२३ पर्यंत जें शहर औरंगाबाद ह्या नांवानें ओळखलें जाई, त्या छत्रपती संभाजीनगरांत २२ डिसेंबरला सूर्य सुमारें ६ वाजून ५९ मिनिटांनीं उगवतो आणि ५ वाजून ५४ मिनिटांनीं मावळतो. संक्रांतीच्या सुमारास, १५ जानेवारीला, तो ७ वाजून ६ मिनिटांनीं उगवतो आणि ६ वाजून १० मिनिटांनीं मावळतो. म्हणजे दिवस आठ-नऊ मिनिटांनीं वाढला खरा; पण ती सगळी वाढ, आणि वर आणखी सात मिनिटें, संध्याकाळच्या पदरांत पडली. सकाळच्या वांट्याला तोटाच आला.

ह्याचें कारण असें. घड्याळाचा दिवस बरोबर चोवीस तासांचा असतो. सूर्याचा दिवस, म्हणजे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ, मात्र वर्षभर सारखा नसतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, आणि जवळ असतांना ती आपल्या कक्षेंत अधिक वेगानें धांवते. स्वतःभोंवतीं एक गिरकी पुरी होईपर्यंत ती इतकी पुढें गेलेली असते कीं, सूर्य पुनः मध्यान्हाच्या रेषेवर येण्यासाठीं तिला थोडें अधिक वळावें लागतें. तिच्या आंसाच्या कलण्यानेंहि ह्या दिवसांत त्यांत भर पडते. परिणामीं डिसेंबरच्या अखेरीस सूर्याचा दिवस घड्याळाच्या दिवसापेक्षां सुमारें अर्ध्या मिनिटानें मोठा होतो. रोज अर्धें मिनिट, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत मध्यान्ह दहा-अकरा मिनिटांनीं पुढें सरकतो. आणि तो सरकला कीं उदय व अस्त दोन्ही त्याच्यामागें ओढले जातात. दिवसाची खरी वाढ सकाळच्या बाजूस चारच मिनिटें असते. ती ह्या ओढींत बुडून जाते.

ह्यांत शहराच्या जागेचा दोष निराळाच आहे. सबंध भारताचें घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून लावलेलें आहे. संभाजीनगर ७५ अंशांच्या किंचित् पलीकडे, म्हणजे त्या रेषेच्या पश्चिमेस सात अंशांहून थोडें अधिक. एका अंशास चार मिनिटें, ह्या हिशेबानें येथील सूर्य घड्याळाच्या मागें सुमारें एकोणतीस मिनिटें चालतो. नागपूरच्या मुलास हिंवाळ्यांत ह्या शहरांतील मुलापेक्षां बारा-तेरा मिनिटें आधीं सूर्य दिसतो. कलकत्त्याच्या मुलास तर पाऊण तास आधीं. सातची घंटा मात्र तिन्ही ठिकाणीं सातलाच होते. ज्या शाळा दोन पाळ्यांत भरतात, त्यांतील सकाळच्या पाळीचा विद्यार्थी सातच्या घंटेसाठीं साडेसहाला घराबाहेर पडतो. जानेवारींत सूर्योदयास तेव्हां अर्ध्या तासाहून अधिक अवकाश असतो. त्याआधीं उठणें, तोंड धुणें, कपडे करणें, डबा भरून घेणें हें सर्व रात्रींतच उरकावें लागतें. आणि मूल रात्रींत उठतें तें झोप पुरी करून उठत नाहीं.

फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें असा निर्णय काढला कीं, पूर्व प्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत. मुलांची अपुरी झोप आणि हिंवाळ्या-पावसाळ्यांतील सकाळचा त्रास हीं कारणें त्यामागें होतीं. निर्णयाचा हेतु चांगला, पण जेथें एकाच इमारतींत दोन शाळा नांदतात तेथें लहानांची वेळ पुढें नेली कीं मोठ्यांची वेळ कोठें बसवावयाची, हें कोडें उभें राहतें. शिवाय पांचवीचें मूल चौथीच्या मुलाहून एकाच वर्षानें मोठें असतें. पहाटेच्या थंडीला एवढा भेद कळत नाहीं.

सूर्य जवळ असतांना थंडी पडते, हें मुलांना आणखी एक नवल वाटतें. ह्याचें उत्तर शाळेच्या आंगणांतील ध्वजस्तंभाजवळ मिळतें. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीं (हा मध्यान्ह येथें घड्याळाच्या साडेबाराला येतो) दहा हात उंच खांबाची सावली जवळजवळ साडेनऊ हात पडते. मेच्या उत्तरार्धांत तोच सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशींच नाहींशी होते. तिरपें ऊन अधिक जमिनीवर पसरतें आणि म्हणून दुबळें होतें; अंतरांतील थोडासा फरक त्यापुढें कांहींच नव्हे. वर्षभर दर महिन्यास एकदां सावली मोजून भिंतीवरच्या कागदावर लिहिली, तर ऋतूंचा सबंध धडा मुलांनीं स्वतःच लिहिल्यासारखा होतो. त्यास एक दोरी आणि एक खडू एवढेंच साहित्य लागतें.

पण तिरप्या उन्हानें दिवस सौम्य होतो. रात्र गार होण्याचें कारण निराळें आहे. हें शहर समुद्रापासून दूर, पठारावर, साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर वसलें आहे. पाऊस जाऊन दोन महिने लोटले कीं हवा कोरडी होते आणि आकाश निरभ्र राहतें. ढग आणि वाफ हीं जमिनीवरचें पांघरूण होत. तीं नसलीं म्हणजे दिवसां तापलेली जमीन आपली उष्णता रात्रभर मोकळ्या आकाशांत टाकीत राहते. म्हणूनच दुपारीं उष्णतामान अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतें आणि पहाटे तें बारापर्यंत, कधीं दहाच्याहि खालीं उतरतें. हिमालयांत बर्फ पडून उत्तरेचे वारे वाहूं लागले कीं दोन-तीन दिवस थंडीचा कडाका वाढतो. उलट एखाद्या रात्रीं आभाळ आलें, तर सकाळीं स्वेटर जड वाटूं लागतो. गार हवा जड असल्यामुळें ती उतारानें खालीं वाहते. डोंगरांच्या मधल्या खाम नदीच्या सखल भागांत धूर आणि धुकें सकाळीं आडव्या पट्ट्यासारखें उभें राहतें तें ह्याचमुळें. सखल वस्तींतील मूल उंचावरच्या मुलापेक्षां अधिक कुडकुडत शाळेस येतें.

शाळेंत पोहोंचल्यावरहि थंडी संपत नाहीं. मराठवाड्यांतील जुन्या शाळा काळ्या दगडाच्या आणि जाड भिंतींच्या. असा दगड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. नऊ वाजतां बाहेर कोंवळें ऊन पसरलेलें असतें, तरी वर्गाच्या भिंतीच्या पोटांत रात्रच असते. फरशीवर बसणाऱ्या वर्गांत हें विशेष जाणवतें. अंगांतील ऊब हवेपेक्षां दगड फार झपाट्यानें ओढून घेतो. अनुभवी शिक्षक ह्या दिवसांत पहिले दोन तास आंगणांत, पूर्वेकडे पाठ करून घेतात. त्यास कोणी शिस्तभंग म्हणूं नये. बोटें आंखडलेल्या मुलाचें अक्षर बिघडतें तें त्याच्या आळसानें नव्हे.

त्याच काळ्या दगडाचा दुसरा गुण मुलांना सहलींत कळतो. हिंवाळा हा सहलींचा काळ. देवगिरीचा किल्ला पंधरा किलोमीटरांवर, वेरूळ तीसांवर, अजिंठा शंभरांवर. वेरूळच्या एखाद्या खोल लेण्यांत सकाळीं आंत शिरतांच हवा उबदार लागते, आणि मुलें आश्चर्यानें पुनः बाहेर येऊन पुनः आंत जातात. डोंगराच्या पोटांत ऋतु फारसा पोहोंचत नाहीं. तेथें वर्षाच्या सरासरीइतकें उष्णतामान टिकून राहतें. खेड्यांतील विहिरीचें पाणी पहाटे वाफाळतें तें ह्याच नियमानें. पाणी तापलेलें नसतें, हात गारठलेले असतात. पैठणच्या नाथसागराकडे जाणाऱ्या सहलींना आणखी एक लाभ होतो. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या ह्या उथळ जलाशयावर हिंवाळ्यांत दूरदूरचे पक्षी उतरतात, त्यांत रोहित पक्ष्यांचे थवेहि असतात. १९८६ पासून तें अभयारण्य आहे. उत्तरेंतील गोठलेलीं सरोवरें सोडून आलेल्या पांखरांना मराठवाड्याची थंडी म्हणजे ऊबच वाटते!

थंडीपासून अंग राखण्याचें शास्त्र मुलांना शिकवावें लागत नाहीं, त्याचें कारण तेवढें सांगावें लागतें. लोंकर स्वतः उष्ण नसते. तिच्या तंतूंत अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून एका जाड कपड्यापेक्षां दोन पातळ कपडे पुष्कळदां अधिक कामास येतात. ज्या घरांत स्वेटर एकच आणि भावंडें दोन, तेथें ही गोष्ट ठाऊक असणें उपयोगाचें. ह्या शहरांत रेशीम आणि सूत एकत्र विणून हिमरू शाली होतात. पण त्या शाळेंत यावयाच्या त्या स्नेहसंमेलनाच्या नाटकांत राजाच्या खांद्यावर. वर्गांत दिसतो तो थोरल्या भावाचा, बाह्या दुमडलेला स्वेटर. शाळेच्या ठराविक रंगाचा स्वेटर नसल्याबद्दल मुलास प्रार्थनेच्या रांगेंतून बाहेर काढण्याची चाल जेथें असेल, तेथें ती मोडलेली बरी.

ह्या शहरांतील मराठी शाळेनें आणखी एका प्रकारचे कठीण दिवस पाहिले आहेत. निजामाच्या राज्यांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१५ सालीं सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेसारख्या शाळांनीं त्या काळांत मराठी मुलांचें शिक्षण जतन केलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत, थंडी पडूं लागतां लागतां, येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली, आणि त्यांतून उठलेली चळवळ हैदराबादेपर्यंत गेली. आज सव्वीस जानेवारीच्या प्रभातफेरींत कुडकुडत घोषणा देणाऱ्या मुलांना हा प्रसंग सांगितला तर तीं लक्ष देऊन ऐकतात, कारण त्यांतील नायक त्यांच्याहून फार मोठे नव्हते.

डब्यांतील पदार्थांवरूनहि ऋतु ओळखतां येतो. बोरें, पेरू, हरभऱ्याचे डहाळे हीं दप्तरांतून वर्गांत येतात आणि बाकाखालीं सालें ठेवून जातात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. तिळाच्या वजनापैकीं जवळजवळ निम्में तेल असतें, तेव्हां थंडींत तिळगुळाचा मान कोणीं विचार करून ठरविला असेल असें वाटतें. शाळूच्या शेतांत शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेल्या हुरड्याची गोडी ह्यांत सर्वांत अल्पायुषी. दाणा दुधांत असतांना त्यांत साखर असते. थोड्याच दिवसांत तिचें पीठ बनतें आणि हुरडा ज्वारी होतो. शेतावरून आलेल्या मुलाला हें ठाऊक असतें, म्हणून तो त्या दिवसांत एखादा शनिवार बुडवितो. हजेरीपत्रकांत त्यापुढें शून्य पडतें. तें फारसें मनावर घेण्याचें कारण नाहीं.

मनावर घेण्यासारखीं शून्यें निराळीं आहेत. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचें गाळप सुरू होतें आणि मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस गांव सोडतात. बीड जिल्ह्यांतून सर्वांत अधिक, पण संभाजीनगर जिल्ह्यांतील गांवेंहि त्यांतून सुटलेलीं नाहींत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि मुलें बैलगाडींत किंवा ट्रकांत सामानाबरोबर जातात. फडावरच्या पालांच्या कोपींत पहाटेची थंडी कोणत्याहि वर्गापेक्षां अधिक बोंचते. आईबाप चारला उठून तोडीस जातात तेव्हां आठ वर्षांची बहीण दोन वर्षांच्या भावास सांभाळते. वार्षिक अभ्यासाचा गाभा नोव्हेंबर ते मार्च ह्याच महिन्यांत शिकविला जातो, आणि नेमके तेच महिने ह्या मुलांच्या हातून जातात. परत आल्यावर त्रैराशिक ज्यास येत नाहीं, तें मूल मंद असतें असें नव्हे. तो धडा झाला त्या दिवशीं तें दोनशें किलोमीटरांवर होतें.

ह्यावर योजलेला एक उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबापांनीं मुलास आजीकडे किंवा चुलत्याकडे गांवींच ठेवावें, आणि गांवच्या शाळेनें त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय करावी, अशी ही व्यवस्था आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, मूल फडावर गेलेंच तर तेथल्या शाळेनेंहि त्यास वयाप्रमाणें वर्गांत घेतलें पाहिजे, वर्षाच्या मध्यावर आलें तरी. जेथें वसतिगृह दिवाळी संपतांच सुरू होतें तेथें मुलें राहतात. तें महिना-दोन महिने उशिरां सुरू झालें तर गाड्या केव्हांच निघून गेलेल्या असतात. जीं मुलें मागें राहतात तीं आजीच्या गोधडींतून उठून, चुलीपुढें हात शेकून शाळेंत येतात, आणि संक्रांतीला गुरुजींनीं दिलेल्या तिळगुळांतील एक वडी कागदांत बांधून ठेवतात. फाल्गुनांत कारखान्याचें गाळप संपून आईबाप गांवीं परततात, तोंपर्यंत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवूं लागलेला असतो, स्वेटर पेटींत गेलेला असतो आणि वार्षिक परीक्षेचें वेळापत्रक फळ्यावर लागलेलें असतें.