जॉब हिरवा, ओळी शून्य

आता प्रश्न आलाय तो असा: जॉब हिरवा दिसतो, लॉगमध्ये एरर नाही, आणि टेबलात मात्र शून्य ओळी. एरर आली असती तर बरं. इथे दिवसभराची बिलं गळतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

अशा वेळी आपण मॅपिंग उपसत बसतो. त्याआधी फाइलचा मूळ टॅग बघू. तिथे 'एक्सएमएलएनएस' लिहिलंय का? म्हणजे डीफॉल्ट नेमस्पेस. १९९९ च्या एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. आपण नुसतं 'बिल' शोधतो, फाइलीत 'त्या नेमस्पेसमधलं बिल' असतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच! आणि काहीच न सापडणं ही एक्सपाथच्या लेखी चूक नाही.

मग टूलच्या व्याख्येत त्या नेमस्पेसला एक प्रीफिक्स द्यायचा आणि पाथमधल्या प्रत्येक एलिमेंटला तो लावायचा. अ‍ॅट्रिब्यूटला नको. फाइलीत तो प्रीफिक्स नसला तरी चालतं. नेमस्पेसचा पत्ता मात्र कॉपी-पेस्टच करा. तो इंटरनेटवर उघडला जात नाही, अक्षराला अक्षर लावून बघितला जातो. शेवटची तिरकी रेघ राहिली, की पुन्हा शून्य.

लोकल-नेम वापरूनही भागतं, पण मग दोन वेगळ्या नेमस्पेसमधली 'बिलं' एकत्र येतात. ते आम्हाला पटत नाही.